बाईंचा पगार

"बाकी सगळं ठीक आहे. पगार किती?"

हा प्रश्न आमच्या औषधवाल्या गृहस्थांनी महामार्गावर आमची गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला विचारला, तेव्हा शेजारच्या आसनावर मी बसलो होतो. गाडी अतिशय सावकाश चालवल्याबद्दल आम्हाला अडवले होते. पोलीस आधी चकित झाला, मग त्याने खरोखरच आकडा सांगितला, ओव्हरटाइम कसा बुडतो याचे रडगाणे गायले आणि दंड न करताच निघून गेला. आपल्या इथल्या मराठी मंडळात ही हकीकत 'त्यांनी पोलिसाला लाच देऊ केली' अशी सांगितली जाते. ती खोटी आहे. गाडीत मी होतो, सांगणारे नव्हते.

तुम्हीही त्यांना पाहिलेले आहे. तुमच्यापैकी निम्म्यांना हा प्रश्न त्यांनी तोंडावर विचारलेला आहे. दंतवैद्याला त्यांनी तो तोंडात हत्यारे असताना विचारला. लग्न लावण्यासाठी शिकागोहून आलेल्या गुरुजींना मंगलाष्टकांच्या आधी विचारला. रेडमंडला किंवा क्युपर्टिनोला संगणक कंपन्यांत नोकरीस लागलेली आपली मुले सुटीत घरी आली, की त्यांच्या तावडीत सापडत.

"काका, दॅट्स प्रायव्हेट."

"असू दे प्रायव्हेट. वेळेवर होतो ना?"

आकड्याशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. काम करणाऱ्याला पगार होतो आणि तो वेळेवर होतो, एवढे कानांनी ऐकले की ते शांत होत आणि चहा मागत. अमेरिकेतल्या आपल्या या लहानशा विद्यापीठाच्या गावात त्यांचे औषधांचे दुकान होते. दुकानातील पोऱ्याचा पगार त्यांनी कधी एक दिवसही थकवला नाही, हे त्यांचे विरोधकसुद्धा मान्य करतात.

विरोधक पुष्कळ आहेत, कारण त्यांनी आयुष्याच्या अखेरीस दुकानाची जागा विकली आणि तो सगळा पैसा विद्यापीठातील एका सहायक प्रशिक्षिकेच्या पगारासाठी देऊन टाकला. खेळ कोणता, तर डायव्हिंग. म्हणजे उंच फळीवरून पाण्यात सूर मारणे. देणाऱ्याला स्वतःला पोहता येत नव्हते.

या देणगीच्या तीन आवृत्त्या प्रचलित आहेत. पहिली अशी, की त्यांना अमेरिकन लोकांत मिरवायचे होते. दुसरी अशी, की विद्यापीठाने त्यांना गुंडाळले. तिसरी कुजबुजीत सांगितली जाते आणि तिच्यात त्या बाईंचे वय व केसांचा रंग यांचा उल्लेख असतो. तिन्ही आवृत्त्यांचे लेखक मला नावानिशी माहीत आहेत. आज मी चौथी लिहितो आहे, आणि ती खरी आहे.

त्यांचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी त्यांना पाण्यात चालायला सांगितले, म्हणून ते विद्यापीठाच्या तरणतलावाच्या उथळ बाजूस, छातीभर पाण्यात, कठडा घट्ट धरून, मंदिराला प्रदक्षिणा घालावी तसे चालत. खोल बाजूस एक तरुण बाई मुलींना सूर मारायला शिकवीत असत. मुलगी फळीच्या टोकाशी पाठमोरी उभी राही. बाईंचा हात वर असे. हात खाली आला की मुलगी उडी घेई. पाण्यातून वर आलेल्या मुलीला बाई गुडघ्यांवर बसून समजावीत, आणि पुन्हा, आणि पुन्हा. आमच्या गृहस्थांनी हे आठवडाभर पाहिले. मग ते कठडा धरत धरत त्यांच्यापाशी गेले.

"मॅडम, यू आर अ व्हेरी गुड टीचर. पगार किती?"

"झिरो, सर."

त्यांना वाटले, बाईंना प्रश्न कळला नाही. "महिन्याचा नाही विचारत. वर्षाचा."

"वर्षाचाही झिरोच. मी व्हॉलंटिअर असिस्टंट आहे." आणि बाई हसल्या. सकाळी त्या सुपरमार्केटच्या बेकरीत केकवर नावे लिहीत, आणि उन्हाळ्यात मुलांची शिबिरे घेत. त्यावर त्यांचे भागत असे.

त्याच संध्याकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. केस अजून ओले होते.

"प्रोफेसर, तुम्ही त्या खेळांच्या कमिटीवर होतात ना?"

"होतो. पुष्कळ वर्षं होतो."

"मग काय करत होतात? सँडविच खात होतात?"

आमच्या समितीत सँडविच मिळत असत, हे खरे आहे. परंतु मी तिथे डोळे मिटून बसलो नव्हतो, आणि सर्व व्यवस्था मी त्यांना शांतपणे समजावून सांगितली. तुम्हालाही सांगतो, कारण मंडळात त्याविषयी घोर अज्ञान आहे.

विद्यापीठाचे घर एक असले तरी चुली दोन आहेत. राज्य सरकारचे अनुदान आणि शिक्षणाची फी या चुलीवर वर्ग, ग्रंथालय आणि माझ्यासारखे प्राध्यापक शिजतात. खेळांची चूल निराळी. तिच्यासाठी विद्यार्थ्यांकडून थोडी वेगळी फी घेतात, देणगीदार काही देतात. पण खरा कमावता भाऊ म्हणजे फुटबॉल, तोही अमेरिकन, हातात चेंडू घेऊन पळण्याचा. तिकिटे आणि दूरचित्रवाणीचे हक्क त्याचे. बाकीचे खेळ त्याच्या जिवावर जेवतात. मात्र कमावता भाऊ स्वतःही भरपूर जेवतो. त्याचा मुख्य प्रशिक्षक राज्यपालांहून जास्त पगार घेतो, आणि त्याच्या सहायकांचे सहायकसुद्धा सुखात असतात. उरलेले खाली येते. लहान खेळांच्या मुख्य प्रशिक्षकापर्यंत पान वाढले जाते. सहायकाच्या पाळीला पातेले खरवडावे लागते. आणि काही खेळांत तर एक सहायक बिनपगारी ठेवण्याची सोय नियमातच होती.

"म्हणजे दोन चुली असून बाई उपाशी," ते म्हणाले.

"तांत्रिकदृष्ट्या, त्यांनी स्वखुशीनं…"

"तांत्रिकदृष्ट्या जेवता येत नाही, प्रोफेसर."

पुढे तो नियम बदलला. 'व्हॉलंटिअर' हा शब्द काढून टाकण्यात आला आणि पगार देण्याची मुभा झाली. मुभा झाली, पैसे कोणी दिले नाहीत. शब्द गेला आणि बाई बेकरीत राहिल्या.

आता मंडळाचा भाग येतो, आणि तो कोणी सांगत नाही. त्यांच्या पत्नी आपल्या मंडळाची रविवारची मराठी शाळा चालवीत असत. इथे जन्मलेली मुले 'ळ' म्हणेपर्यंत त्या त्यांना सोडत नसत. दर पाडव्याला मंडळ त्यांचा सत्कार करी: शाल आणि श्रीफळ. नारळ शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरील भारतीय दुकानातून मुद्दाम आणलेला असे. घरात शालींनी एक अख्खे कपाट भरले होते. "नारळाची चटणी तरी होते," ते म्हणत, "शालींचं काय करू?"

पत्नी गेल्यावर ते मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. शाळेला नवी शिक्षिका नेमा, तिचा पगार मी देतो, असे ते म्हणाले. मी सोबत होतो. अध्यक्ष तरुण, सुस्वभावी, पुण्याचे.

"काका, ही मराठीची सेवा आहे. सेवेला पगार म्हणजे अपमान वाटेल हो. त्यापेक्षा हॉलला फ्लोअरिंग स्पॉन्सर करा ना. काकूंच्या नावाची मस्त पाटी लावू."

"एसी बिघडला की कोणाला बोलावता?"

"एसीवाल्याला."

"त्याचा दर वेळी अपमान करता, की तोही सेवा करतो?"

अध्यक्ष म्हणाले, विषय कमिटीपुढे ठेवतो. तो अजून कमिटीपुढे आहे. तेव्हा 'आपल्या माणसांना सोडून त्यांनी परक्यांना दिले' असे म्हणणाऱ्यांनी आधी आपले फ्लोअरिंग पाहावे.

विद्यापीठात देणग्या गोळा करणारा अधिकारी सतत हसतमुख असे. त्याने त्यांना तरणतलावावरील बाक दाखवला, त्यावर नाव येईल म्हणाला. मग लॉकरचे दार दाखवले.

"लॉकर काही शिकवतो का?" आमच्या गृहस्थांनी विचारले. "मला माणसाचा पगार द्यायचा आहे. भिंतीला पगार लागत नाही."

एका व्यक्तीला परस्पर पगार देता येत नाही, पण पदासाठी कायमची ठेव ठेवता येते, असे निघाले. ठेवीचे व्याज पगाराला. मुद्दल हलवायचे नाही. आणि पदाला देणाऱ्याचे नाव. त्यांनी पत्नीचे नाव दिले. आपल्याला लाज आणण्यासाठी त्यांनी तसे केले, असे मंडळात म्हणतात. हे मात्र मी खोडत नाही. तसेच होते.

बाईंनी बेकरी सोडली आणि त्या एका नव्याच त्रासात सापडल्या. पहिल्या तारखेला हे गृहस्थ तलावावर हजर. "झाला?" बाई अंगठा वर करीत. सर्दी झालेली असताना बाई कामावर आल्या, तर "पगारी रजा असते, ती कशासाठी असते?" मुख्य प्रशिक्षकाने त्यांना फरशी पुसायला सांगितली, तर हे त्याच्या खोलीत जाऊन फरशी पुसणाऱ्याचा पगार किती, तो कोठून येतो आणि तो माणूस आज कुठे आहे, हे विचारून आले. बाई ओले बूट घालून फिरतात म्हणून ते रोज ओरडत. कुजबुज करणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की प्रेमात पडलेला माणूस असे बोलत नाही. असे सासरे बोलतात.

"काका, यू आर वर्स दॅन माय डॅड," बाई एकदा म्हणाल्या.

"तुझ्या डॅडनं पगार विचारला होता का?"

"नो."

"मग?"

नंतर नवे क्रीडा संचालक आले. खेळांचे अंदाजपत्रक तुटीत होते, फुटबॉलला आणखी एक सहायक हवा होता, आणि आमच्या गृहस्थांची ठेव त्यांच्या नजरेत भरली. दात्याने संमती दिली, तर ठेव एका खेळाकडून दुसऱ्याकडे नेता येत होती. त्यांनी आम्हा दोघांना बोलावले. खोली भव्य होती आणि सँडविच उत्तम होते.

संचालकांनी योजना मांडली. पत्नीचे नाव फुटबॉलच्या सहायक पदाला लावायचे. प्रत्येक सामन्याला ते मैदानावरील प्रचंड पडद्यावर झळकेल, हजारो लोक टाळ्या वाजवतील. आमचे गृहस्थ ऐकत होते. पत्नीचे नाव निघाले तेव्हा त्यांनी क्षणभर डोळे मिटले, हे मी पाहिले. मोह झाला नाही, असे मी म्हणणार नाही.

"आणि बाई?" त्यांनी विचारले.

बाई हव्या तर पूर्वीसारख्या मदतीला येऊ शकतील, संचालक म्हणाले. तासांवर काही बसवता आले तर पाहू. आणि वार्षिक मेजवानीत त्यांचा जाहीर गौरव करू. एवढे बोलून ते उठले, त्यांनी विद्यापीठाच्या रंगांतील एक जाड, उबदार, भरतकाम केलेले ब्लँकेट उलगडले आणि मोठ्या प्रेमाने आमच्या गृहस्थांच्या खांद्यांवर पांघरले. असे ब्लँकेट इथे मोठ्या मानाचे असते.

त्यांनी ब्लँकेटची किनार बोटांनी चाचपली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "प्रोफेसर, शाल आली."

मला हसू आवरेना. संचालकही सौजन्याने हसले.

मंडळात सांगतात, की त्यांनी ब्लँकेट संचालकांच्या तोंडावर फेकले. साफ खोटे. जन्मभर औषधांच्या पुड्या बांधलेला तो माणूस घडी न घालता काही ठेवूच शकत नसे. त्यांनी उभे राहून, कोपरे जुळवून, ब्लँकेटची चौकोनी घडी केली आणि ती टेबलावर ठेवली. फेकण्याचा विचार माझा होता. ते फक्त एक शब्द बोलले: "सॅलरी."

संचालक माणूस वाईट नव्हता. त्याला हिशेब जुळवायचा होता. त्याने नम्रपणे विचारले, "आणि आपल्या पश्चात? आपल्याला मुलंबाळं नाहीत. तेव्हा आम्ही कोणाशी बोलावं?"

आमचे गृहस्थ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यांच्याशी."

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणालो, "अहो, निदान मला विचारायचंत तरी."

"माझ्यामागे यांच्याशी भांडायला कोणीतरी हवं. तुम्हाला दुसरं काय येतं?"

कागदोपत्री तशी व्यवस्था झाली. माझ्या सहा संशोधनग्रंथांपेक्षा या नेमणुकीचा मला अधिक अभिमान आहे. तेव्हापासून संचालकांचे कार्यालय मला अधूनमधून जेवायला बोलावते, मी जातो, जेवतो, नाही म्हणतो आणि घरी येतो. बाई पदावर आहेत.

ते गेले फेब्रुवारीत, झोपेत, कोणालाही त्रास न देता. ही गोष्ट त्यांच्या स्वभावाशी विसंगत होती. त्यांच्या अंत्यविधीवरून सध्या जो आरोप फिरतो आहे, तो दोन कलमी आहे. एक, ज्या बाईंसाठी त्यांनी दुकान विकले, त्या आल्यासुद्धा नाहीत. दोन, प्रोफेसर आत विधी चालू असताना पार्किंगमध्ये मोटारीत बसून फोन पाहत होते.

दोन्ही खरे आहे.

बाईंचा फोन मला सकाळीच आला होता. त्या संघाबरोबर दुसऱ्या राज्यात होत्या. वर्षातील सर्वांत मोठ्या स्पर्धेचा तो दिवस होता. "मी आत्ता निघाले तर पोहोचते," त्या म्हणाल्या. "मुलींना मुख्य प्रशिक्षक सांभाळतील. निघू का?"

मी म्हणालो, "आज तुमचा कामाचा दिवस आहे. ते रागावतील."

मग त्या म्हणाल्या, "येस, सर."

असा निर्णय दिल्यानंतर ती स्पर्धा पाहण्याची जबाबदारी माझ्यावर होती. म्हणून मी गाडीत बसून फोनवर तिचे थेट प्रक्षेपण लावले. काचेवर ऊन होते, म्हणून फोन ओंजळीत धरला. कॅमेरा फळीवरच्या मुलीवर रोखलेला होता. ती टोकाशी पाठमोरी उभी होती, टाचा हवेत. चित्राच्या अगदी कडेला, कोपरापर्यंत, बाईंचा हात तेवढा दिसत होता. तो वर होता. दारातून कोणीतरी मला हाक मारली, शेवटचे दर्शन घ्यायला बोलावले. मी हललो नाही. हातही हलत नव्हता. बाई मुलीला घाई करू देत नव्हत्या.

मग हात खाली आला.