सपाट रेषेशेजारचा आकडा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते धुळ्याच्या दवाखान्यात मला हाताखाली घेणाऱ्या आमच्या मॅडमचे. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, पण कानाच्या तपासणीचा कागद वाचायला मला शिकवले ते त्यांनी. आमचे मशीन कानात हवेचा दाब कमी-जास्त करते. पडदा नीट हलला तर कागदावर टेकडी उमटते, नाही हलला तर सपाट रेषा. मी रेषा पाहून निदान सांगू लागलो की मॅडम तिच्यावर तळहात ठेवत.

“काय पदवीधर, सपाट आहे हे बाहेरचा शेंगावालाही सांगेल. का सपाट आहे? आकडा वाचा!”

रेषेशेजारी छापलेला आकडा म्हणजे कानाच्या तोंडापासून पडद्यापर्यंत मोकळी जागा किती. फार कमी असेल तर वाटेतच काही अडकलेले. फार जास्त असेल तर पडद्याला भोक. नेहमीइतका असेल तर पडद्यामागे पाणी.

पुढे मी जळगावला कानाच्या एका दवाखान्यात तपासणीच्या कामाला लागलो. धरणगावकडचे एक जोडपे सात वर्षांच्या मुलीला घेऊन आले. वर्गात तिला ऐकू येत नव्हते. दोन्ही रेषा सपाट.

“तिले बहिऱ्यासनी शाळामा टाकू का नही, इतलंच सांगा भाऊ,” वडील म्हणाले. आईने मुलीचा हात घट्ट धरला.

आकडा फारच कमी होता. कानात काही घातले का, विचारले.

आई लाजली. “सकाये तेल टाकं. डागदरकडे जावानं शे, कान चांगला दिखाले जोयजेत ना!”

डॉक्टरांनी तेल, मळ सगळे काढले. पुन्हा तपासणी केली, तरी रेषा सपाटच. आता बहिऱ्यांची शाळाच, असे समजून वडील उठलेच. मी म्हणालो, “भाऊ, बसा जरा.” आकडा आता नेहमीइतका आला होता. डॉक्टरांनी पुन्हा पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. पडद्यामागे पाणी होते, आणि त्यावर इलाज होता.

काही महिन्यांनी मी मॅडमना लिहिले:

‘मॅडम, सादर नमस्कार. गेल्या पत्रातली धरणगावची मुलगी काल आली होती. औषधाने भागले नाही, म्हणून डॉक्टरांनी पडद्याला बारीक छेद देऊन पाणी काढले. आता तिला छान ऐकू येते. नाव गावच्या शाळेतच आहे. आईची तक्रार अशी, की शेजारचे भांडण मुलीला घरात बसून ऐकू येते, कामाला हाक मारली की मात्र येत नाही. मी म्हणालो, अक्का, त्यावर आमच्याकडे मशीन नाही. तिघेही हसत एसटी गाठायला गेली. आकडा आधी वाचला म्हणून हे झाले, मॅडम. आपला विद्यार्थी.’