ब्रेकची नोटीस मागे घेताना

माझी मोटार चाळीस वर्षांची आहे आणि ती विकावी असे सुचवणाऱ्या प्रत्येकास मी लेखी उत्तर दिलेले आहे. गेल्या वर्षी गोंदियाच्या एका मिस्त्रीकडून तिला डिस्क ब्रेक आणि बूस्टर बसवून घेतला. इंजिन हवा ओढते आणि त्या ओढीच्या बळावर बूस्टर आपल्या पायाला हातभार लावतो.

दरेकसाच्या उतारावर हा हातभार अचानक बंद झाला. पेडल दगडासारखे घट्ट. खालचा गिअर टाकून, हँडब्रेक ओढून मी गाडी कशीबशी थांबवली. दरेकसाला पत्नीची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली आहे. तिच्याकडे आमची दर आठवड्याची फेरी. पत्नी खाली उतरली, पदर सावरला आणि म्हणाली, "आता मी रेल्वेनं जाईन. या गाडीत मला बसवू नका."

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या शेजारची जागा तिने प्रथमच नाकारली होती. घरी येताच मी मिस्त्रीस नोटीस लिहिली: सदोष काम, निष्काळजीपणा, जिवास धोका, पंधरा दिवसांत खुलासा, अन्यथा ग्राहक आयोग. रजिस्टर पोस्टाने.

खुलाशाऐवजी मिस्त्रीच आला. "काका, नोटीस कायले पाठवली जी? गाडी पाठवाची होती!"

"तोंडी खुलासा ग्राह्य नाही."

"मंग लेखी देतो. पयले बोनेट तं खोला."

पत्नी ओसरीवर तांदूळ निवडत ऐकत होती. मिस्त्रीने बंद गाडीत पेडल चारपाचदा दाबायला लावले, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करायला सांगितले. पेडल अलगद खाली गेले. "बूस्टर चांगला आहे," तो म्हणाला. इंजिन तापू दिले आणि तीच परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी पेडल हलेना. त्याने इंजिनातून बूस्टरकडे जाणाऱ्या नळीवर बोट ठेवले. ती चोखलेल्या आंब्यासारखी चपटी झाली होती.

"हे नळी मी नाही लावलो. फवारणीच्या पंपाची आहे जी हे. कोन लावलन?"

मीच लावली होती. गाडी धानाच्या पोत्यांशेजारी उभी असते; मूळ नळी उंदरांनी कुरतडली. पंपाचा एवढा दाब सोसणारी नळी थोड्याशा हवेला काय घाबरते, असा माझा युक्तिवाद होता. परंतु पंप नळीला आतून फुगवतो आणि इंजिन तिला आत ओढते. उष्णतेने मऊ झाल्यावर ती मिटली. माझ्या अकरा परिच्छेदांच्या नोटिशीत या नळीचा उल्लेख कुठेच नव्हता.

"आता नोटीस कोनाले पाठवता?" मिस्त्रीच्याच बोलीत ओसरीवरून पत्नीचा प्रश्न आला.

मिस्त्रीने जाड भिंतीची योग्य नळी बसवली. मी त्याच दिवशी नोटीस मागे घेतली, दोष माझा असे स्पष्ट लिहून. "राहू द्या ना काका," तो म्हणाला. पण लेखी आरोप तोंडी मागे घेता येत नाही.

ते पत्र मी पत्नीस वाचून दाखवले. "पत्रानं गाडी थांबते का?" तिने विचारले. तिचा आक्षेप मला मान्य करावा लागला. मी एकटाच गेलो, तापल्या इंजिनावर तो उतार तीनदा उतरलो आणि येऊन तिला प्रत्येक खेपेचा वृत्तांत दिला. तिने एकच अट घातली: पोती दुसऱ्या खोलीत. ती मी स्वतः हलवली.

रविवारी ती शेजारी बसली. उताराच्या माथ्यावर मी न सांगता ब्रेक दाबला. गाडी जागीच उभी राहिली.

"झालं ना समाधान? चला आता," ती म्हणाली, "ताई दाराकडे डोळे लावून असेल."