गेरूचे डोंगर
गेरू भिजवला की त्या वासाबरोबर धुळ्यातलं आमच्या चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन आठवतं. साक्रीकडच्या मोठ्या मायने, म्हणजे माझ्या थोरल्या काकूने, कानबाईच्या सणातल्या रोटांच्या जेवणासाठी गावी बोलावणारा व्हॉइस मेसेज पाठवला होता. त्या आवाजाची मोबाईलवर दिसणारी वरखाली रेघ मी लांबलचक कापडावर गेरूने रंगवली. फोनवरही ती बांधावरून हाक मारावी तशी ओरडते, त्यामुळे सुळके चांगलेच उंच झाले. येणारा जाणारा म्हणायचा, डोंगर छान काढलेत. मी कितीही सांगितलं तरी सरांनी खाली ‘निसर्गचित्र’ अशी चिठ्ठी चिकटवलीच. मग मोठी माय आली. हा तुझाच आवाज आहे, एवढंच मी म्हणाले. ती डावीकडून रेघेवर बोट फिरवत निघाली, ‘कानबाईना रोट शेतस, ये वं पोरी,’ आणि एका सपाट जागेपुढच्या बारक्या टोकांवर थांबून म्हणाली, ‘आठे मी खोकलनू.’ सरांनी मला मेसेज लावायला सांगितला. खोकला नेमका तिथेच आला. सरांनी चिठ्ठी काढून खिशात घातली. आता मी शिकवते, ते कापड माझ्या वर्गात आहे. मी तो मेसेज लावते, मुलं रेघेवर बोट फिरवतात, आणि मोठी माय बरोबर तिथेच खोकते.