पाळीव जंतू

आमच्या भाऊजींनी आयुष्यभर एकच जंतू मारला. तोच तो, पुन्हा पुन्हा. त्याच्या जिवावर ते संस्थेत विभागप्रमुख झाले, आणि घरात कुणाला साधी शिंक आली तरी आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचं, अशी आमची रीत पडली.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. संस्थेत त्यांना पाठीमागे अर्कराव म्हणतात. काम वनस्पतींतून औषधं शोधण्याचं. पानं वाळवायची, दळायची, अल्कोहोलमध्ये भिजत घालायची, गाळून अर्क काढायचा. मग काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, त्यांच्यावर अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू न उगवलेलं स्वच्छ कडं दिसलं की फोटो काढायचा. कडं मोठं तर साहेब खूश. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मीही असल्याच बशा सांभाळते. फरक एवढाच, की माझ्या बशीतले जंतू रोग्यांच्या जखमांतून येतात, औषधांचा मार खाऊन खाऊन निबर झालेले. ते कशाने मरतील हे डॉक्टरांना कळवायचं, हे माझं काम. हल्ली पुष्कळदा कळवावं लागतं, की जवळजवळ कशानेच नाही.

भाऊजींचा जंतू मात्र घरंदाज. जंतूंच्या पेढीतून बंद नळीत आलेला, फ्रिजमध्ये राहिलेला, एका नळीतून दुसऱ्या नळीत बदलत, उत्तम खाऊपिऊ घालून वाढवलेला. रोगी कसा असतो हे त्याने पाहिलेलं नाही आणि औषधाचा वासही त्याला ठाऊक नाही. इतका लाडावलेला, की जवळ उभं राहून कुणी जोरात खोकलं असतं तरी मेला असता.

एकदा मी म्हटलं, "भाऊजी, माझ्याकडचे जंतू देते. त्यांच्यावर बघा ना तुमचा अर्क."

"तुझे जंतू रस्त्यावरचे," ते म्हणाले. "आज एक, उद्या दुसरा. शास्त्रात तुलना करता आली पाहिजे. म्हणून सगळं जग प्रमाणित जंतू वापरतं."

सगळं जग सुरुवात तिथून करतं, हे खरं. भाऊजींनी मुक्कामच तिथे ठोकला. उशीशी कुस्ती खेळून रोज जिंकायचं आणि वर छाती काढून फिरायचं.

पुढे संगणक आला. आता अर्कातला रेणू पडद्यावर फिरवून जंतूच्या प्रथिनातल्या खाचेत बसवून दाखवता येऊ लागला. किल्ली कुलपात बसावी तसा तो रंगीत रेणू खाचेत जाऊन बसायचा आणि भाऊजी आम्हाला बोलावून दाखवायचे. ताईचे डोळे भरून यायचे. मला मात्र वाटायचं, पडद्यावर काय, उंदराच्या बिळात हत्तीसुद्धा बसवता येईल. पण नव्या औषधाची रचना म्हणून त्याचा शोधनिबंध निघाला. त्याचं शेवटचं वाक्य नेहमीचंच: हा रेणू आशादायक असून अधिक संशोधनाची गरज आहे. भाऊजींचा एकही निबंध आशेशिवाय संपला नाही, आणि एकाही आशेतून औषध निघालं नाही.

यावर कडी म्हणजे त्यांची भाषणं. शाळा, कॉलेज, क्लब, जिथे माईक दिसेल तिथे भाऊजी उभे. विषय ठरलेला. माणसं ऊठसूट प्रतिजैविकं खातात, त्यामुळे जंतू त्यांना दाद देईनासे झाले, आता जुन्या गोळ्या निकामी होत चालल्या. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायची त्यांना सवय, त्यामुळे घरी येईपर्यंत त्या भाषणाचं एवढंच उरायचं: गोळ्या वाईट, अर्क चांगला.

आईच्या उजव्या पायाच्या तळव्याला जखम झाली तेव्हा मी प्रशिक्षणासाठी दुसऱ्या गावी होते. आईला साखरेचा आजार जुना, त्यात पायाची संवेदना गेलेली. चपलेचा खिळा टोचत राहिला आणि तिला पत्ताच नाही. ताईने तिला आपल्या घरी नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सगळ्या संपवायच्या म्हणून बजावलं, आणि पुन्हा दाखवायला बोलावलं. सूज उतरली. भाऊजींनी जखम पाहिली आणि निकाल दिला, की आता गोळ्या बंद.

"सूज गेली, मग कशाला उगाच मारा? असंच करून करून जंतू माजतात, आई. मी माझा अर्क लावतो. बशीत बघितलंय मी, काय कडं पडतं."

आईला जावयाचा भारी अभिमान. "जावईबापू सांगतात ते बरोबर," म्हणाली. ताईने गोळ्यांचं उरलेलं पाकीट कपाटात ठेवून दिलं. रोज पट्टी बदलायची, पट्टीवर अर्क ओतायचा. डॉक्टरांकडे पुन्हा कुणी गेलंच नाही. फोनवर मला सांगितलं, पाय छान आहे.

मी परत आले तर दारातच वास आला. पट्टी सोडली. तळव्याला जखम होती ती आत हाडापर्यंत गेली होती, आणि घोटा लाल झाला होता. तिथल्या तिथे आईला दवाखान्यात घेऊन गेले, आणि जखमेतला नमुना मीच माझ्या बशीवर पसरला. टिकल्याही मीच ठेवल्या, एकेका औषधाची एकेक. सकाळी बशी उघडली तर जंतू बहुतेक टिकल्यांना चिकटून उगवले होते. एकाच औषधाभोवती कडं होतं. ते सुरू झालं, पण हाड सडलं होतं. सर्जननी घोट्याच्या वर पाय कापला.

भाऊजी दवाखान्याच्या बाकावर बसून होते. दोन दिवस दाढी नाही, जेवण नाही. मला त्यांची कीव यायला हवी होती. चीड आली, आणि अजूनही येते.

मग ते माझ्याकडे आले. "आईंच्या पायातला तो जंतू दे मला," म्हणाले. मला वाटलं, उशिरा का होईना, डोळे उघडले. मी दिला, आणि त्यांच्या प्रयोगशाळेत सोबत गेले. त्यांनी स्वतःच्या हाताने टिकली ठेवली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बशी पाहिली. कडं नव्हतं. जंतू टिकलीच्या काठापर्यंत दाट उगवला होता.

भाऊजींनी बशी उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली. मग म्हणाले, "हा नमुना प्रमाणित नाही गं." आणि वापरलेल्या बशा वाफेवर निर्जंतुक करायचा मोठा कुकर असतो, त्यात ती टाकून दिली. पुढे त्यांचा निबंध आला तो पाळीव जंतूवरचाच. शेवटी आशा होतीच. आईच्या पायाचा उल्लेख कुठेही नव्हता.

आई ताईकडेच राहिली. खिडकीपाशी खुर्ची, शेजारी कुबड्या. तिने जावयाला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट, भाऊजींनी अभ्यासासाठी तो जंतू नेला, हे ताईकडून कळल्यापासून तिला फार बरं वाटत होतं. पाय गेला तो निदान शास्त्राच्या कामी आला, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

एका सकाळी मी तिची साखर तपासायला गेले होते. भाऊजी ऑफिसला निघत होते. आईने त्यांना थांबवलं.

"जावईबापू, ते माझ्या पायातलं मेलं का हो तुमच्या औषधाने?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. "हो आई," ते म्हणाले. "मेलं."

कुकरमध्ये शिजवल्यावर काय मरत नाही? आईचं तोंड मात्र उजळलं.

"बघ," ती मला म्हणाली, "तू उगाच त्यांना बोलतेस." मग तिने लुगडं जरा वर सारलं आणि डावा पाय पुढे केला. अंगठ्याखाली फोड आला होता, फुटून ओला झालेला. "कालपासून झालंय. म्हटलं, दवाखान्यात कशाला धावायचं. घरातच औषध आहे. लावा तेवढं."

ताई अर्काची बाटली आणायला वळलीच होती. भाऊजी म्हणाले, "थांब." खाली बसले आणि तो पाय हातात घेतला.

"नको आई. दवाखान्यात जाऊ. आत्ताच नेतो."

"अर्क नको?"

"नको. त्याने काही होत नाही."

आईला समजायला थोडा वेळ लागला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मग तेव्हा का नाही नेलंत?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही, खरंच विचारत होती.

भाऊजी खाली मान घालून तिच्या पायात चप्पल सरकवत होते. एकच तर घालायची होती, पण ती काही त्यांना जमेना.