दामूकाकांची नजर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या दामूकाकांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट ठाऊक नाही — सांगतोय खरा.

खाडीपलीकडे गाड्या नेणारी बोट असते ना, आमच्याकडे जिला जंगलजेट्टी म्हणतात, तिच्यावर मी सुपरवायझर आहे. नव्या खलाशांना पहिल्याच दिवशी बजावतो — कामावर लागलं तर लपवू नका. आधी ओरडा, काम थांबवा, दवाखाना गाठा, आणि घडलं ते जसंच्या तसं लिहून द्या. माझा लंगडा पाय बघून त्यांना ते चटकन पटतं.

सात वर्षांपूर्वी मी स्वतः नवा खलाशी होतो. बोट धक्क्याला लागली की दोर घेऊन खाली उडी मारायची, दोर बांधायचा, बाजूला व्हायचं आणि मग हात वर करायचा. वर केबिनमध्ये दामूकाका. तो हात दिसला की ते लिव्हर ओढून गाड्यांचा लोखंडी रॅम्प खाली सोडायचे. उभ्या रॅम्पच्या पुढ्यात कोण आहे हे वरून दिसतच नाही, म्हणून सगळा भरवसा त्या हातावर.

काका जातीचे कोळी, आणि नजरेचा भारी तोरा. लांबचा ठिपका बघून होडी कुणाची ते सांगायचे. आम्ही पैजा लावायचो आणि हरायचो. माझ्यावर मात्र पहिल्यापासून जीव — डब्यातली माझी भाजी बघून नाक मुरडायचे, "काय हा पाला खातंस रं," म्हणत आपली सुकटीची चटणी माझ्या भाकरीवर ठेवायचे.

एका दुपारी रॅम्प माझ्या डाव्या पायावर आला. हाड मोडलं, दोन बोटं गेली. माणगावच्या दवाखान्यापर्यंत काका माझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी तेव्हाचे सुपरवायझर वही घेऊन खाटेशी आले. काका म्हणाले, "याचा हात बगितला, आन् मंगच सोडला." साहेबांनी मला विचारलं, हात केला होतास?

मी — कसं सांगू तुम्हाला? — मी नाही म्हणालो.

वाटलं, आता काका भडकतील. पण ते हळूच म्हणाले, "न्हाय केला तर न्हाय केला. पोरगा खोटं कशाला बोलंल? माझीच नजर फिरली आसंल."

हात मी केला होता. बाजूला होऊन, चांगला उंच केला होता. मग खिशातला मोबाइल उतारावर पडलेला दिसला, आणि तो उचलायला मी परत रॅम्पखाली गेलो. एवढंच. तीन महिन्यांची नोकरी जाईल म्हणून घाबरलो होतो. पण नोकरी टिकल्यावर? पुढच्या आठवड्यात, पुढच्या वर्षी — तेव्हा कोणी तोंड धरलं होतं माझं?

काकांनी आपणहून लिव्हरचं काम सोडलं आणि खाली दोर ओढायला आले. बाजारातून कसलासा चष्मा आणला. सकाळी स्वतःची होडी घेऊन एकटे खाडीत जायचे, तेही बंद केलं. आणि दर रविवारी माझ्या घरी चिंबोऱ्यांचा रस्सा. हाड जुळतं म्हणतात त्याने. नांग्या स्वतः फोडून माझ्या ताटात ठेवतात. हाड कधीच जुळलं, रस्सा अजून येतोच. मी खातो. बोटं चाटून खातो, हेही सांगून टाकतो. सख्ख्या काकांनी केली नाही इतकी माया या माणसाने केली, आणि माझाही त्यांच्यावर फार जीव आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मागच्या महिन्यात गावात डोळे तपासायला डॉक्टर आले होते. त्यांनी काकांना सांगितलं, लांबचं तुम्हाला अगदी स्वच्छ दिसतंय, चष्मा फक्त वाचायला लावा. काका धापा टाकत माझ्या दारात आले. इतकं खूश मी त्यांना सात वर्षांत पाहिलं नव्हतं.

"सुदरलं रं माझं डोलं!" म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या पायाकडे गेली. "त्या दिशी आसं आसतं, तं तुझा पाय वाचला आसता."

ओटीवर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "व्हय, काका."