पडदा धरणारी अक्का

"माझं मागनं, मामा," असं ती म्हणायची. पाणी असो, जेवण असो, आधी बाकीच्या बाया.

ऐंशीच्या पुढची सालं. मुंबईच्या उत्तरेला, चंदनसारकडे इमारती उठत होत्या. मी जवळच्याच आगाशीचा, साइटवर मुकादम. ती गुलबर्ग्याकडची बिगारी, सगळ्या कानडी बायांची अक्का. अशी एखादी तुम्हीही पाहिली असेल. इतरांपेक्षा दोन विटा जास्त उचलणार आणि वर आपल्यालाच हसणार.

एका रविवारी शाळेत कॅन्सर तपासणीचं शिबिर आलं. डॉक्टरीण छाती तपासणार म्हटल्यावर एकही बाई उठेना. खोलीला दारच नव्हतं. अक्काने आपलं लुगडं आणलं नि चौकटीत ताणून उभी राहिली.

"कोन डोकावतंय बघते! मामा, तुमी पन तोंड तिकडं करा."

मी केलं. बाया खिदळत आत गेल्या.

तपासलेल्या बाईने डॉक्टरणीची चिठ्ठी मला दाखवायची, हा माझा हुकूम. अक्कानेही दाखवली. मला वाचता येत नाही, हे मी साइटवर कोणाला कळू दिलं नव्हतं. शिक्का बघितला, मान हलवली.

पुढे तिचा डावा हात वर जाईना. मी तिला त्याच डॉक्टरणीकडे नेलं.

"गाठ फार वाढलीय. शिबिरात का नाही दाखवली?"

"दाखवली की," मी ठासून म्हणालो.

डॉक्टरणीने शिबिराची वही उघडली. अक्काचं नावच नव्हतं.

बाहेर येऊन मी ओरडलो, "दुसरीची चिठ्ठी दाखवलीस? मला फसवलंस?"

"गाठ तवाच हाताला लागत हुती, मामा. त्या खोकनाऱ्या गड्याला तुमीच गावाला धाडलं ना? मला बी धाडलं असतं. दोन पोरी हायेत. गावात काम कुटं हाय?"

डॉक्टरीण म्हणाली होती, मुंबईला न्या, उपचार होतील. मी अक्काला म्हणालो, "गावाला नाही धाडणार. मुंबईला मी नेतो. माझा शब्द."

ठेकेदार म्हणाला, "आजारी माणूस साइटवर नको." एक दिवस मी भांडलो. दुसऱ्या दिवशी गावाला जायला सोलापूरच्या एसटीत तिला नि पोरींना मीच बसवलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दिवाळीच्या आधी ती गेल्याचं कानावर आलं.

पुढच्या वर्षी शिबिर पुन्हा आलं. डॉक्टरीण दुपारपर्यंत एकटी बसून होती. शेवटी मी झोपड्यांकडे गेलो. हाका मारल्या. कोणाला धाडणार नाही, असंही ओरडून सांगितलं.

आत बांगड्या वाजत होत्या. बाहेर कोणी आलं नाही.