नाक्यावरचा भोंगा

ईटला चौथीतच माझी शाळा सुटली आणि पोटासाठी मी पार उमरग्याला येऊन पडलो. तिथल्या एका आडत्यानं मला जवळ केलं, त्यांच्याच मालट्रकवर मी गाडी हाकायला शिकलो. जर्मनची लढाई संपल्यावर मालकांनी सोलापुरात नवीकोरी, बड्या लोकांची असते तसली मोटार घेतली. निघताना म्हणाले, "सुखरूप दारात लावलीस तर तू कायमचा डायवर. न्हायतर ईटची वाट धर."

माझा जीव मुठीत. त्यात सोलापुरातून मालकांचे होणारे व्याही सोबत आले. मालक मागच्या गादीवर ऐसपैस बसून मोटारीची किंमत सांगू लागले आणि दर मैलाला ती वाढवू लागले. खरी पावती होती माझ्या कोटाच्या खिशात. आरशात मालकांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी नजर रस्त्यावरच ठेवली.

निजामाच्या हद्दीत शिरताना नाका लागायचा. इंग्रजी मुलखातून आलेल्या मालावर तिथं किमतीच्या हिशेबानं करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात, भरावी लागे. नाक्यावरचे मुन्शी चष्मा सावरत बाहेर आले. मोटारीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "माशाल्ला! कित्ते की ली, सेठ?"

व्याही शेजारीच उभे. मालकांनी छाती काढून तोच फुगवलेला आकडा सांगितला.

मुन्शींनी हिशेब केला. कर ऐकून मालकांचा हात कमरेच्या पैशाच्या पिशवीवर गेला न् तिथंच थिजला. तेवढे पैसे जवळ नव्हते.

"पैसा भरो, मोटर लेव. नईं तो मोटर यहींच रहेगी," मुन्शी म्हणाले.

पावती काढावी तर व्याह्यांपुढं मालकांचं नाक कापलं जातं. न काढावी तर मोटार नाक्यावर आणि मी ईटच्या वाटेला. काय सुचलं कुणास ठाऊक, मी दार उघडून व्याह्यांना म्हणालो, "पाव्हणं, जरा चाकाम्होरं बसून बघता का? भोंगा वाजवून बघा की!"

"म्या? वाजवू व्हय?" म्हणत ते धोतर सावरून चढलेसुद्धा.

पहिला भोंगा वाजला तसे नाक्यावरचे बैल उधळले. दुसऱ्याला चहावाला किटली घेऊन धावत आला. मग पाव्हण्यांनी हातच उचलला नाही. त्या गोंगाटात मी पावती मालकांच्या हातात सारली. मुन्शींनी पावती बघितली, मालकांकडं बघितलं, कानावर हात ठेवले आणि हसत हसत खऱ्या किमतीवर कर घेतला.

नळदुर्ग मागं पडल्यावर व्याही मालकांना म्हणाले, "अप्पा, एक सांगू? त्या मोटारीच्या दुकानात तुमच्या आदी म्याच भाव करून आलतो. न्हाय परवडली."

मालकांचा चेहरा पडला. "मंग मगापासून ऐकून का घेतलंत?"

"तुमी किंमत चढवत व्हता, मला गादी आणखीनच मऊ लागत व्हती!"

दोघं असे हसले, की मलाही आवरेना. मी गाडी हळू केली, म्हटलं, हसण्याच्या नादात खड्ड्यात जायची.

दिवस मावळायच्या आत मोटार दारात लागली. आरती झाली, नारळ फुटला. मी किल्ली पुढं केली. मालकांनी माझी मूठ मिटवली.

"ऱ्हाऊ दे तुज्यापाशी," ते म्हणाले. "आन् उद्या पाव्हण्याला गावाकडं पोचव. वाटंत लई भोंगा वाजवू दिऊ नको."

ते उपकार मी अजून विसरलो नाही. त्या रात्री किल्ली उशाखाली ठेवून झोपलो. दोनदा उठून चाचपली तेवढी.